फौजदाराचं स्थळ

पोपट घ्यायला येणारं गिऱ्हाईक आधी किंमत विचारत नसे. आधी विचारायचं, "बोलतो का?" मी म्हणायची, "तुम्ही बोललात तर बोलेल." हे उत्तर कुणालाच आवडायचं नाही. लोकांना रेडिओसारखा पक्षी हवा असायचा, खटका दाबला की सुरू. एका कंत्राटदाराला स्वतःच्या नावापुढं 'साहेब' लावून हाक मारणारा पोपट हवा होता. एक सासूबाई तर पक्षी परत घेऊन आल्या. म्हणाल्या, "माझंच बोलनं मला ऐकवतोय. पावनेरावळे येत्यात घरात, ऱ्हाऊ द्या तुमचा तुमाला."

नव्वदीच्या दशकात बारामतीत पक्ष्यांचा धंदा करणारी बाई म्हणून मला सगळे 'पोपटवाल्या बाई' म्हणायचे. जळोचीत आमच्या घरामागं ब्रॉयलर कोंबड्यांची शेड होती. पण कोंबड्यांत माझा जीव रमेना. पिल्लं वाढवायची आणि ओळख व्हायच्या आत गाडीत भरून द्यायची. आमचे मिस्टर पाटबंधारे खात्यात कारकून. एकदा पुण्याहून येताना त्यांनी हौसेनं लव्हबर्डची जोडी आणली, आणि हळूहळू कोंबड्या गेल्या नि शेडभर परदेशी पक्षी झाले. आपला हिरवा पोपट पाळायला कायद्यानं बंदी आहे, हे मी दारातच सांगायची. त्यावर निम्मी गिऱ्हाइकं रागावून जायची. उरलेल्यांना मी आत घ्यायची.

बाहेरच्यांना एक गोष्ट माहीत नसते. घरातला पक्षी वेगळा आणि जोडीतला वेगळा. घरातला पोपट पिल्लू असल्यापासून माणसाच्या हातचं खातो, त्याला माणूस आपला वाटतो. जोडीतले नर-मादी मात्र मोठ्या जाळीत ठेवतात, भिंतीला लाकडी पेटी टांगतात, त्यात ती अंडी घालतात. त्यांना कुणी हात लावत नाही. माणसाचा हात पेटीत येतो तो पिल्लं उचलायलाच. म्हणजे त्यांच्या हिशेबानं माणूस हा चोर. असा पक्षी पुढं घरात पाळायला द्यायचा म्हणजे ज्याच्या घरी वर्षानुवर्षं चोरी झाली, त्याला चोराशी सोयरीक करायला सांगण्यासारखं आहे.

फौजदार असाच जोडीतला. इंदापूर तालुक्यात वरकुट्याला भाऊसाहेब नावाचे मोठे बागायतदार होते. ऊस, डाळिंब, दारात दोन ट्रॅक्टर आणि अंगात हौस. त्यांनी मुंबईहून करड्या आफ्रिकन पोपटांची जोडी आणली होती. राखाडी अंग, लालभडक शेपूट. मादी अंडं अडकून गेली. त्यानंतर नरानं स्वतःच्या छातीची पिसं उपटायला सुरुवात केली. भाऊसाहेबांना ते बघवेना. त्यांनी पिंजरा जीपमध्ये घालून माझ्याकडं पाठवला. "सांभाळा, न्हायतर कुनाला तरी द्या," असा निरोप होता.

पिंजऱ्यावरचं फडकं काढलं आणि मी मागं सरकले. समोर अर्धा सोललेला कोंबडा बसावा तसं ध्यान, आणि त्याच्या घशातून थंडीत ट्रॅक्टर सुरू करताना येतो तसला आवाज. हे पोपट घाबरले की असे गुरगुरतात. जीपचा ड्रायव्हर म्हणाला, "नाव फौजदार हाय बरं का बाई त्याचं."

"कुणी ठेवलं?"

"आमीच. जवळ गेलं की गुरगुरतंय आन् कायतरी हातावर ठिवल्याबिगर सोडत न्हाय."

त्यानं मलाही पहिल्याच आठवड्यात सोडलं नाही. अंगठ्याचा असा लचका काढला की महिनाभर भाकरी थापताना मिस्टरांना मदतीला घ्यावं लागलं. त्यांच्या भाकरीवरून सबंध तालुक्याचा नकाशा काढता आला असता.

एके दिवशी पिंजरा झाडताना दार पुरतं लागलं नाही आणि फौजदार उडाला. उडण्याची सवय नव्हती, त्यामुळं तो उडण्यापेक्षा पडतच जास्त गेला, कुंपणावरून, गोठ्यावरून, थेट चौकातल्या कडुलिंबाकडं. शेजारच्या कमळाबाई धुणं वाळत घालत होत्या. त्या मदतीला धावल्या आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल असं ओरडल्या, "फौजदार आला! लिंबाकडं आला! धरा, धरा!"

त्या कडुलिंबाखाली दुपारचा पैसे लावून पत्त्यांचा डाव बसायचा. पुढं काय झालं ते मी पोचेपर्यंत संपलंही होतं. तीन चपला, एक टोपी, मधोमध चादर आणि चादरीवर फौजदार, एकटाच. एक पाय राजावर ठेवून किलवरचा एक्का कुरतडत होता. मी टॉवेल टाकून त्याला धरलं. डावातले एक तात्या उसात लपले होते, ते पार दिवस कलल्यावर बाहेर आले. नंतर कितीतरी दिवस ते माझ्याशी बोलत नव्हते. लोकांजवळ म्हणायचे, "पाखराचं नाव कुनी असलं ठेवतं व्हय? मानसाचं हृदय बंद पडायचं."

असा हा पक्षी मी विकायला ठेवला नव्हता. शेडच्या मागच्या कोपऱ्यात त्याचा पिंजरा होता आणि तिकडं कुणी जात नसे.

आणि एक दिवस वडगाव निंबाळकरहून शिवरामआबा आणि हौसाक्का आले. आबा बारामतीच्या बाजारात लिलाव पुकारायचे. गुळाच्या ढेपांवर उभे राहून भाव पुकारायला लागले की पलीकडच्या रस्त्यावरची बैलं कान टवकारायची, असं लोक सांगत. तंबाखूनं घसा धरला. पुण्याला ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण आवाज गेला. आता गळ्याला मफलर आणि तोंडातून नुसती खरखरीत कुजबुज. तेव्हापासून आबांनी बाजार सोडला, पारावर बसणं सोडलं. कुणी भेटायला आलं तर आतल्या खोलीत जाऊन पडायचे. हे सगळं मला हौसाक्कांनी पायरी चढता चढता सांगितलं. त्यांचा आवाज मात्र शाबूत होता.

"ह्यांना बोलनारा पोपट पायजे," त्या म्हणाल्या. "घरात कुनीतरी बोलाय पायजे का नगं? मी एकटीनं किती बोलायचं?"

आबांनी बायकोकडं पाहिलं. त्यांना काय वाटलं ते न बोलताही मला कळलं.

मी हातावर बसणारी दोन माणसाळलेली पिल्लं दाखवली. आबा बघेनात. ते फिरत फिरत मागच्या कोपऱ्यात गेले. मी "आबा, तिकडं नको!" म्हणेपर्यंत फौजदारानं ट्रॅक्टर सुरू केला. आबा वाकले आणि त्याला काहीतरी म्हणाले. त्यांचा आवाज म्हणजे दगडावर घासलेला पत्रा. आणि फौजदार गप्प झाला. मान वाकडी करून त्यानं आबांच्या मफलरकडं पाहिलं. पुन्हा गुरगुरला, पण हळू, विचारल्यासारखा. आबा पुन्हा काहीतरी खरखरले.

आबा हसायला लागले. हसण्याला आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते. हौसाक्कांनी माझा दंड घट्ट धरला. "हासलं वो," त्या म्हणाल्या. त्या दिवशी त्या हळू बोलल्या ते तेवढं एकच वाक्य.

"आबा, तो चावतो," मी म्हणाले.

आबांनी हौसाक्कांच्या कानात दोन शब्द सांगितले. त्यांनी मोठ्यांदा भाषांतर केलं, "ते म्हनत्यात, मी बी चावायचो. मानसं भ्याची त्यांना बाजारात, व्यापारी तर चळाचळा कापायचं, तुमी कवा आला न्हाईसा गुळाच्या लिलावाला, यायला पायजे हुतं." दोन शब्दांत एवढं बसत नाही, पण मी वाद घातला नाही. भाऊसाहेबांनी 'कुनाला तरी द्या' म्हटलंच होतं. मी पक्षी दिला आणि अट एकच घातली, की दर रविवारी मी एसटीनं येऊन बघून जाईन.

जोडीतला पक्षी माणसाळवण्याचं शिक्षण माणसालाच द्यावं लागतं. पिंजऱ्याची एक बाजू भिंतीला लावा, म्हणजे त्याला पाठ राखता येते. त्याच्या डोळ्यांत डोळे घालू नका. टक लावून बघतो तो शिकारी. नुसतं जवळ बसा, आपलं काम करा, आपलं खा. जाताना काहीतरी चांगलंचुंगलं ठेवून जा, म्हणजे 'हा आला की घेत नाही, देऊन जातो' हे त्याच्या डोक्यात बसतं. आणि मोठ्यांदा बोलू नका. बहुतेक माणसं दुसऱ्या दिवशी वैतागतात. आबांना त्यात अवघड काही नव्हतं. त्यांना कुठं जायचं नव्हतं आणि कुणाशी बोलायचं नव्हतं.

अवघड गेलं ते हौसाक्कांना. त्या पडवीत आल्या की फौजदार पिंजऱ्याच्या तळाशी जाऊन गुरगुरायचा. शेवटी त्यांनी घरातही कुजबुजायला सुरुवात केली. मी गेले की मला हाताला धरून मागच्या दारी न्यायच्या आणि आठवड्याचं तुंबलेलं सगळं तिथं बोलून घ्यायच्या.

आबा उसाचं कांडं सोलून लांब काठीच्या टोकाला बांधायचे आणि आत सरकवायचे. फौजदार आधी काठीच फोडायचा. मग ऊस खायला लागला. मग काठी आखूड होत गेली. एका रविवारी मी गेले तर काठी नव्हती. आबांच्या बोटांत उसाचा करवा होता आणि फौजदार दुसऱ्या टोकानं खात होता. खाऊन झाल्यावर त्यानं आबांच्या नखावर चोच टेकवली. आता लचका जाणार म्हणून मी डोळे मिटले. उघडले तेव्हा तो मान खाली घालून, मानेवरची पिसं फुलवून उभा होता. पोपट असं करतो तेव्हा तो म्हणत असतो, खाजव. आबांनी खाजवलं. मग बायकोला बोलावून त्यांनी तिच्या कानात काहीतरी सांगितलं. हौसाक्कांनी त्याचं भाषांतर केलं नाही. पदरानं डोळे पुसत चुलीकडं गेल्या.

पण माणसाळला म्हणून जुनं सुटत नाही. जोडीतल्या पक्ष्याला अंधारा कोपरा दिसला की संसार आठवतो. पिंजऱ्याबाहेर यायला लागल्यावर फौजदारानं हौसाक्कांच्या लुगड्यांच्या कपाटाचा खालचा खण ताब्यात घेतला. आत बसायचा, आणि कुणी हात घातला की चोच. भाचीच्या लग्नाला हौसाक्कांना धुवट लुगडं नेसून जावं लागलं. परत येऊन बघतात तर ठेवणीतल्या लुगड्याचा जरीकाठ कातरून त्यानं अंथरूण केलेलं.

"एक तर ह्ये ऱ्हाईल न्हायतर मी!" हे त्या कुजबुजत म्हणाल्या नाहीत. आबा तेव्हा फौजदाराला दाणे घालत होते. त्यांनी मान वर केली, जरा विचार केला आणि परत दाणे घालायला लागले. हौसाक्का मला म्हणाल्या, "बघा, इचार करतोय मानूस!" मी कपाटाला कडी लावायला सांगितली आणि तंटा मिटला.

आता सगळं सुरळीत झालं म्हणेपर्यंत वरकुट्याहून भाऊसाहेबांचा फोन आला. त्यांनी मुंबईहून नवी मादी आणली होती. "आमचा नर द्या पाठवून. जोडी लावायची हाय."

"भाऊसाहेब, तुम्हीच म्हणाला होता, कुणाला तरी द्या."

"म्हनलो आसंल. तवा मादी न्हवती."

मी पार पेचात पडले. वडगावला जाऊन आबांना सांगितलं. हौसाक्का उसळल्या, "का म्हनून द्याचा? लुगडं आमचं फाडलं त्येनं!" आबांनी फौजदाराकडं पाहिलं. तो त्यांच्या मांडीवर बसून शर्टाचं बटण सोडवत होता. मग ते माझ्या कानाशी आले. त्यांची कुजबुज मला तोवर कळायला लागली होती. म्हणाले, "त्याची बायकू मेली म्हनून त्यो माझ्याकडं आला. आता दुसरी मिळतीया. आपुन कोन अडवनार?"

हौसाक्कांनी ते ऐकलं. "व्हय व्हय," त्या म्हणाल्या, "म्हंजे मी मेल्यावर तुमी बी..."

आबांनी हात जोडले.

ठरलं असं की मादी दाखवायची, आणि निवड फौजदाराची. भाड्याची जीप केली. फौजदार छोट्या पिंजऱ्यात, पिंजऱ्यावर फाटकं जरीचं लुगडं. हौसाक्का नवीन लुगडं नेसून, नथ घालून. मी त्यांच्याकडं बघितलं तर म्हणाल्या, "स्थळ बघाया चाललोय न्हवं?" इंदापूर येईपर्यंत आबा लुगड्याखालून एक बोट आत घालून बसले होते. जीप खड्ड्यात आपटली की आत बारीक गुरगुर व्हायची, बाहेर बारीक खरखर, की आत शांत.

भाऊसाहेबांनी जंगी स्वागत केलं. खुर्च्या मांडल्या होत्या आणि आल्या आल्या पोहे आले. स्थळ बघायला पोहे लागतातच, हे त्यांनी स्वतःच सांगून स्वतःच गडगडाटी हसून घेतलं. त्या हसण्यानं लुगड्याखाली ट्रॅक्टर सुरू झाला.

मादी देखणी होती. तरुण, पीस न् पीस जागेवर. मोठ्या जाळीत बसून निवांत शेंगा फोडत होती. मी फौजदाराचा पिंजरा आत नेऊन त्याचं दार उघडलं आणि बाहेर येऊन जाळीचं दार लोटलं. तो चालत बाहेर आला. मादीकडं त्यानं पाहिलंसुद्धा नाही. मान वर करून भिंतीकडं पाहिलं. तिथं त्याची जुनी लाकडी पेटी अजून टांगलेली होती. तो जाळीला चोच लावत, एकेक पाय टाकत वर चढला, पेटीच्या भोकाशी थांबला, आणि आत गेला.

आम्ही वाट पाहिली. तो बाहेर आला नाही. आतून लाकूड कुरतडल्याचा आवाज येत होता. माझ्या धंद्यात याचा अर्थ एकच, की पक्षी घरी आला. भाऊसाहेब म्हणाले, "झालं! जमलं!"

मी आबांकडं बघायचं टाळलं. ते उठले. टोपी नीट केली, मफलर गळ्याभोवती गुंडाळला, लुगड्याची घडी काखेत मारली आणि एकटेच जीपकडं निघाले. हौसाक्का पोह्यांची बशी हातात घेऊन मागोमाग उठल्या. एवढ्यात अंगणभर आवाज घुमला,

"अवं, कुठं निगाला?"

आबा थांबले. वळून त्यांनी बायकोकडं रागानं पाहिलं, की आता तरी गप बस. हौसाक्कांच्या तोंडात पोह्यांचा घास होता. त्यांनी तो कसाबसा गिळला आणि म्हणाल्या, "मी न्हाय! द्येवाशपत मी न्हाय!"

"अवं! कुठं निगाला?"

पेटीच्या भोकातून करडं डोकं बाहेर आलं होतं. आवाज हौसाक्कांचा, ठसका हौसाक्कांचा, 'अवं'वरचा जोरसुद्धा त्यांचाच. घरात कितीही कुजबुजल्या तरी आबा उंबऱ्याकडं वळले की त्या लग्नापासून ज्या सुरात विचारत आल्या होत्या, तो सूर. त्या दिवसापर्यंत फौजदार एक शब्द बोलला नव्हता. मीच आबांना ठामपणे सांगितलं होतं, की ह्या वयात हा आता बोलायचा नाही.

आबा आले ते धावतच. जाळीचं दार उघडलं, हात पुढं केला. फौजदार उतरला, मनगटावर चढला, तिथून खांद्यावर गेला आणि मफलरच्या घडीत तोंड खुपसून बसला. मादी शेंगा खात होती. तिचं कशानंच काही बिघडलं नव्हतं.

भाऊसाहेब दिलदार माणूस. हातातली बशी ठेवून म्हणाले, "नवरदेवानं पोरगी नापसंत केली राव!"

"नापसंत न्हाय," हौसाक्का म्हणाल्या, "त्येचा संसार मांडून झालाय म्हना." परतताना जीपमध्ये त्या मला कोपरानं ढोसत म्हणाल्या, "पर त्येला बोलाया माझंच मिळालं का वो?" आवाजात तक्रार होती, तोंडावर नव्हती.

त्या मादीला मी पुढं फलटणकडचा एक नर बघून दिला, आणि त्यांचं छान जमलं. जोड्या लावण्यात मी कमी पडले असं कुणी म्हणू नये. तरी त्यानंतर करड्या पोपटांच्या पेटीत पिल्लांसाठी हात घालताना मला पहिल्यासारखं सहज वाटेना, आणि थोड्या काळानं मी ते काम सोडलं. लव्हबर्ड आणि शोभेच्या माशांवर भागवलं.

माझं रविवारचं वडगावला जाणंही हळूहळू कमी झालं. पुढं एकदा कारखान्याच्या निवडणुकीच्या धामधुमीत मी तिकडं गेले. गल्लीच्या तोंडाशी लाऊडस्पीकर कोकलत होता, पारावर भांडणं चाललेली. आबांच्या घराशी मात्र चिडीचूप. पडवीबाहेर दहा-बारा जोडे. मी हळूच आत पाऊल टाकलं.

गावातली सगळी मोठ्या घशाची माणसं आत दाटीवाटीनं बसली होती. दोन्ही पॅनेलची. तावातावानं वाद चालला होता. हात उडत होते, कपाळाच्या शिरा ताणल्या होत्या, एक जण तर मांडीवर मूठ आपटत होता. पण सगळे कुजबुजत होते. मधोमध आबा, खांद्यावर फौजदार. कुणाचा आवाज जरा चढला की फौजदार ट्रॅक्टर सुरू करायचा आणि तो माणूस जीभ चावून पुन्हा कुजबुजीवर यायचा.

हौसाक्का चहा घेऊन आल्या. मी खुणेनं विचारलं, हे काय? त्या माझ्या कानाशी आल्या. "रोज येत्यात," त्या म्हणाल्या. "आधी पाखरू बघाया यायचे. आता ह्यांच्याशी वाद घालाया येत्यात."

"आणि आबा?"

"ऐका की," त्या म्हणाल्या.

मी ऐकलं. आबा काहीतरी मुद्दा मांडत होते. मान हलवत, बोट नाचवत, मधूनच न हसता टोला हाणत. समोरच्या पॅनेलचा पुढारी काहीतरी उत्तर द्यायला बघत होता, पण त्याला कुजबुजता येईना. अर्धे शब्द घशातच राहत होते. आबांना सवय होती. त्यांचा एकेक शब्द शेवटच्या माणसापर्यंत जात होता.